आठवणी कुठे राहतात?

'याची स्मरणशक्ती चांगली आहे' किंवा 'हिच्या काही लक्षातच राहत नाही' असे शेरे शाळेत नेहमी ऐकू येतात. असे म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, स्मरणशक्ती ही एकच एक शक्ती आहे, कुणाजवळ ती जास्त असते तर कुणाजवळ कमी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचाही समज याहून फार वेगळा नव्हता. पुढे तो समज मोडला. गंमत अशी की, तो मोडण्याचे मोठे श्रेय स्मरणशक्तीच्या नव्हे, तर अपस्माराच्या अभ्यासाला जाते. ही हकीकत एका आजाराची, त्यावरच्या एका धाडसी उपायाची आणि त्या उपायाचे परिणाम नीट मोजून पाहणाऱ्या ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेची आहे.

आजार आणि सुरी

अपस्मार म्हणजेच फेफरे, मिरगी किंवा आकडी. 'फिट येते' असे आपण बोलताना म्हणतो. आपल्या मेंदूतील चेतापेशी सूक्ष्म विद्युत् संदेशांच्या मदतीने एकमेकींशी बोलत असतात. गजबजलेल्या बाजारात प्रत्येकजण आपापले बोलत असतो, तसे हे चालते. अपस्माराच्या झटक्यात मात्र असंख्य पेशी अचानक एका सुरात ओरडू लागतात. ही ओरड मेंदूच्या ज्या भागात सुरू होते, त्यावर झटक्याचे स्वरूप अवलंबून असते. कधी फक्त एक हात थरथरतो, कधी रुग्ण क्षणभर हरवल्यासारखा दिसतो, तर कधी सारे शरीर ताठ होऊन आचके देऊ लागते. लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विचार प्रथम स्पष्टपणे मांडला. भूतबाधा, देवीचा कोप, कांदा किंवा चप्पल हुंगवणे यांचा या आजाराशी काही संबंध नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

झटक्याची सुरुवात एका ठिकाणी होत असेल, तर तेवढा भाग काढून टाकला तर? १८८६ साली लंडनमध्येच व्हिक्टर हॉर्स्ली यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. पुढे १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन ही औषधे वापरात आली आणि पुष्कळ रुग्णांना सुरीची गरज उरली नाही. तरीही औषधांना दाद न देणारे रुग्ण उरलेच. आजही ते आहेत. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषधे मिळाली तर त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो तो उरलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत.

१९३४ साली वायल्डर पेनफिल्ड यांनी कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात मज्जासंस्थेच्या आजारांसाठी एक संस्था उभारली. त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. त्यामुळे डोक्याच्या त्वचेला भूल देऊन, रुग्ण पूर्ण जागा असताना कवटी उघडता येते. पेनफिल्ड उघड्या मेंदूवर ठिकठिकाणी सौम्य विद्युत् प्रवाह देत आणि काय होते ते रुग्णाला विचारत. एका ठिकाणी स्पर्श केला की अंगठा हले, दुसऱ्या ठिकाणी बोलणे थांबे. बोलण्याचा किंवा हालचालीचा भाग असा ओळखला, की तो सोडून दोषी भाग काढायचा.

त्यांना दुसरी मदत झाली ती मेंदूच्या विद्युत् आलेखाची. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केला होता. पेनफिल्ड यांचे सहकारी हर्बर्ट जॅस्पर या तंत्रात तरबेज होते. या आलेखांवरून दिसू लागले, की पुष्कळ रुग्णांमध्ये झटक्याचा उगम शंखखंडात, म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूच्या भागात असतो. या खंडाच्या पोटात हिप्पोकॅम्पस नावाची एक वळणदार रचना आहे. तिचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव. मेंदूत अशी रचना दोन्ही बाजूंना एकेक असते. १९५० च्या सुमारास पेनफिल्ड एका बाजूच्या शंखखंडाचा पुढचा भाग काढत आणि गरज पडल्यास त्या बाजूचा हिप्पोकॅम्पसही काढत. त्याचे नेमके काम काय, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. वासाशी किंवा भावनांशी त्याचा संबंध असावा, असा तर्क होता.

गणिताकडून मेंदूकडे

ब्रेंडा मिल्नर यांचा जन्म १९१८ सालचा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. केंब्रिजला त्या गणित शिकायला गेल्या आणि मानसशास्त्राकडे वळल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांची निवड करण्यासाठी लागणाऱ्या चाचण्यांवर त्यांनी काम केले. १९४४ मध्ये पतीबरोबर त्या कॅनडात आल्या आणि पुढे मॅकगिलमध्ये डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. पेनफिल्ड यांच्या रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेण्यासाठी हेब यांनी १९५० मध्ये त्यांना तिकडे पाठवले.

हेब ज्यांचे विद्यार्थी, ते कार्ल लॅशली स्मरणाची जागा शोधता शोधता थकले होते. उंदरांना भूलभुलैयातली वाट शिकवायची, मग मेंदूच्या सालीचा तुकडा काढायचा आणि वाट आठवते का ते पाहायचे, असे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. तुकडा कुठला काढला यापेक्षा किती मोठा काढला, यावर विस्मरण अवलंबून दिसले. आठवण मेंदूत सर्वत्र पसरलेली असते, तिला ठरावीक घर नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९५० मध्ये मांडला. मिल्नरबाई माँट्रियलच्या रुग्णालयात शिरल्या त्या वेळचे वातावरण हे असे होते.

त्यांचे काम दिसायला साधे होते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर रुग्णाला तीच कामे द्यायची आणि फरक मोजायचा. गोष्ट वाचून दाखवायची आणि थोड्या वेळाने सांगायला लावायची, चेहरे दाखवून नंतर ओळखायला लावायचे, असंबद्ध शब्दांच्या जोड्या पाठ करायला द्यायच्या. यातून एक ठसठशीत फरक दिसू लागला. डाव्या शंखखंडावर शस्त्रक्रिया झालेल्यांना ऐकलेला-वाचलेला मजकूर लक्षात ठेवणे जड जाई. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्यांना शब्दांची अडचण नसे, पण चेहरे, आकृत्या, जागा यांच्या बाबतीत ते कमी पडत. यातली उणीव बहुधा सौम्य असे. रुग्ण आपले कामधंदे पुन्हा करू लागत.

न जुळणारे दोन रुग्ण

मग दोन रुग्ण असे आले, की सारे हादरले. त्यांतला एक व्यवसायाने स्थापत्य अभियंता होता. संशोधनात त्याचा उल्लेख पी. बी. या आद्याक्षरांनी होतो. १९४६ मध्ये त्याच्या डाव्या शंखखंडाचा पुढचा भाग काढला होता, पण हिप्पोकॅम्पसला हात लावला नव्हता. झटके थांबले नाहीत, म्हणून १९५१ मध्ये तोही काढला. त्यानंतर या माणसाची बुद्धी, भाषा, व्यवसायाचे ज्ञान सारे शाबूत होते, पण रोज घडणारी नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. दुसऱ्या रुग्णाचे, एफ. सी. याचे, असेच झाले.

अशीच शस्त्रक्रिया झालेल्या इतर रुग्णांना असे काही झाले नव्हते. मग या दोघांनाच का? पेनफिल्ड आणि मिल्नर यांनी असा तर्क केला. मेंदूत हिप्पोकॅम्पस दोन आहेत. एक गेला तर दुसरा काम भागवतो. या दोघांचा दुसरा, म्हणजे उजवा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच, कदाचित जन्माच्या वेळच्या इजेमुळे, निकामी असला पाहिजे. शस्त्रक्रियेत डावा गेला आणि त्यांच्याजवळ एकही कामाचा उरला नाही.

त्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूचा आतला भाग दाखवणारी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. त्यामुळे हा तर्क बरोबर की चूक, हे पडताळून पाहता येत नव्हते. अनेक वर्षांनी पी. बी. वारला तेव्हा त्याच्या मेंदूची तपासणी झाली. उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आकसलेला, जुन्या व्रणाने निकामी झालेला आढळला. हा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ वागणुकीच्या चाचण्यांवरून कवटीच्या आतल्या इजेचे भाकीत करायचे आणि ते खरे ठरायचे, ही विज्ञानातली एक सुंदर घटना आहे.

हार्टफर्डचा तरुण

या दोन रुग्णांचा गोषवारा १९५५ मध्ये एका परिषदेसाठी पाठवला होता. तो अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांच्या वाचनात आला. त्यांनी पेनफिल्ड यांना कळवले, की असाच प्रकार आपल्याही एका रुग्णात दिसला आहे. मिल्नरबाई रात्रीच्या गाडीने हार्टफर्डला गेल्या.

हा रुग्ण हेन्री मोलेसन. त्याच्या हयातीत जगाला तो फक्त एच. एम. म्हणून माहीत होता. त्याचे पूर्ण नाव २००८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारल्यावरच उघड झाले. दहाव्या वर्षापासून त्याला छोटे झटके येत होते आणि सोळाव्या वर्षापासून मोठे. औषधांच्या भरपूर मात्रा देऊनही कारखान्यातले साधे काम त्याला करता येईना. स्कोव्हिल यांनी यापूर्वी गंभीर मनोरुग्णांवर दोन्ही बाजूंच्या शंखखंडांच्या आतल्या भागाची शस्त्रक्रिया केली होती. १९५३ मध्ये त्यांनी तीच २७ वर्षांच्या हेन्रीवर केली. त्याच्या मेंदूच्या आलेखात झटक्याचा उगम एका ठिकाणी दिसलेला नव्हता. ही शस्त्रक्रिया प्रायोगिक होती, हे स्कोव्हिल यांनी स्वतःच पुढे नमूद केले. आधीच्या मनोरुग्णांची अवस्था इतकी बिकट होती, की त्यांच्या स्मरणशक्तीला काही झाले आहे का, हे कुणाच्या नीट लक्षात आले नव्हते.

हेन्रीचे झटके बरेच कमी झाले. पण रुग्णालयातली रोजची माणसे त्याला ओळखू येईनात, न्हाणीघराची वाट सापडेना. मिल्नरबाईंनी एप्रिल १९५५ मध्ये त्याची तपासणी केली, तेव्हा त्याने तारीख मार्च १९५३ अशी सांगितली आणि वय २७. खोलीत येण्यापूर्वीच तो दुसऱ्या एका डॉक्टरांशी बोलला होता, पण आपण कुणाशी बोललो हेच त्याला आठवत नव्हते. त्याचा बुद्ध्यांक मात्र ११२ होता, म्हणजे सरासरीहून अधिक. लहानपणच्या गोष्टी तो सांगे. घरी तेच मासिक तो पुन्हा पुन्हा वाची आणि प्रत्येक वेळी ते त्याला नवेच वाटे.

एकदा मिल्नरबाईंनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. सुमारे पंधरा मिनिटांनी त्याने तो बरोबर सांगितला. कसा? तो सारा वेळ मनात बेरीज-वजाबाकी घोळवत होता. तिन्ही अंकांची बेरीज १७, त्यातून ८ गेले की उरतात ९, आणि ९ चे भाग पाडले की ५ आणि ४. पण लक्ष दुसरीकडे वळताच आकडाही गेला आणि आपल्याला असा काही आकडा दिला होता, हेही गेले.

स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. हेन्रीसह दहा रुग्णांची त्यात तपासणी होती. हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी जेवढा जास्त काढला, तेवढे विस्मरण जास्त, असे त्यात दिसले. दोन्ही बाजूंच्या या शस्त्रक्रियेत स्मरणशक्तीला मोठा धोका आहे, असा इशाराही त्यात होता आणि स्कोव्हिल यांनी तो पुढेही इतर शल्यचिकित्सकांना दिला.

आरशातली चांदणी

पुढचा प्रयोग तर तुम्हाला वर्गातही करता येईल. कागदावर पाच टोकांची एक चांदणी काढा आणि तिच्या आत थोडे अंतर सोडून दुसरी, म्हणजे दोन रेषांमध्ये एक अरुंद वाट तयार होईल. समोर आरसा उभा करा. विद्यार्थ्याचा हात आणि कागद त्याला थेट दिसणार नाही, असा पुठ्ठ्याचा आडोसा करा. आता केवळ आरशात पाहून त्या वाटेवरून पेन्सिल फिरवायला सांगा. पहिल्यांदा पेन्सिल भलतीकडेच जाते. पण चुका मोजत गेलात तर सरावाने त्या कमी होताना दिसतील.

हेन्रीकडून मिल्नरबाईंनी हे काम तीन दिवस, रोज दहा वेळा करून घेतले. त्याच्याही चुका इतर कुणाच्या कमी व्हाव्यात तशाच कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो सफाईने रेषा ओढत होता. आणि तरीही, हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. हात शिकला होता, पण शिकल्याची आठवण नव्हती.

१९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने 'एकच एक स्मरणशक्ती' ही कल्पना मोडीत निघाली. काही क्षण मनात धरून ठेवणे वेगळे, जुने आठवणे वेगळे, नवी माहिती कायमची साठवणे वेगळे आणि सायकल चालवण्यासारखे कौशल्य अंगात भिनणे आणखी वेगळे. यांतल्या तिसऱ्या कामासाठी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचे भाग लागतात. हेन्रीला जुने आठवत होते, म्हणजे सगळ्या आठवणी हिप्पोकॅम्पसमध्ये साठवून ठेवलेल्या नसतात, हेही उघड झाले. म्हणजे लॅशली पूर्णपणे चुकले नव्हते. आठवणी पसरलेल्या असतीलही, पण त्या तयार होण्यासाठी एका ठरावीक दारातून जावे लागते.

आधी तपासणी, मग शस्त्रक्रिया

पी. बी. आणि एफ. सी. यांच्यासारखा प्रसंग पुन्हा येऊ नये, म्हणून काय करता येईल? जपानमधून माँट्रियलला आलेले जून वाडा यांच्याकडे एक युक्ती होती. मानेतल्या एका बाजूच्या रोहिणीत अमिटाल हे गुंगीचे औषध सोडले, की मेंदूचा त्याच बाजूचा गोलार्ध काही मिनिटे झोपी जातो. रुग्णाने दोन्ही हात वर धरलेले असतात, त्यांतला विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो. बोलणेही थांबले, तर भाषेचे केंद्र त्या गोलार्धात आहे हे कळते. मिल्नरबाईंनी या चाचणीला स्मरणाची जोड दिली. एक गोलार्ध झोपलेला असताना रुग्णाला काही वस्तू दाखवायच्या आणि औषध उतरल्यावर त्या आठवतात का ते पाहायचे. नाही आठवल्या, तर जागा असलेला गोलार्ध एकट्याने स्मरणाचा भार पेलू शकत नाही. मग झोपवलेल्या बाजूवर सुरी चालवताना दहादा विचार करायला हवा.

या चाचण्यांतून आणखी एक माहिती मिळाली. ज्यांच्या डाव्या गोलार्धाला लहानपणी इजा झालेली नव्हती अशा रुग्णांचे आकडे रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये दिले. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी ९६ टक्क्यांमध्ये भाषा डाव्या गोलार्धात होती. डावखुऱ्यांमध्येही ७० टक्क्यांची ती डावीकडेच होती, १५ टक्क्यांची उजवीकडे आणि १५ टक्क्यांची दोन्हीकडे. डावखुऱ्यांचा मेंदू सरसकट उलटा असतो, हा समज यावरून चुकीचा ठरतो.

आज अनेक ठिकाणी या चाचणीची जागा चुंबकीय प्रतिमांनी घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. काढायचा भाग अजून काही काम करतो आहे का, आणि तो गेल्यावर दुसरी बाजू ते काम उचलेल का? डावा हिप्पोकॅम्पस आधीच आकसलेला असेल तर तो काढल्याने फारसे नुकसान होत नाही. तो चांगला काम करत असेल तर शब्दांची स्मृती घटण्याचा, नावे पटकन न सुचण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे, शस्त्रक्रिया टाळण्यातही धोका असतोच. कॅनडात ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर, जाणिवेवर परिणाम करणाऱ्या झटक्यांपासून शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण मुक्त होते, तर केवळ औषधांच्या गटातील ८ टक्के. तेव्हा या दोन धोक्यांची तुलना प्रत्येक रुग्णासाठी वेगळी करावी लागते. म्हणूनच अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या चमूत आज मानसशास्त्रज्ञाचा सहभाग आवश्यक मानला जातो.

माँट्रियलच्या या परंपरेचा एक धागा आपल्या देशातही येतो. जेकब चंडी माँट्रियलमध्ये पेनफिल्ड यांच्या संस्थेत शिकले आणि त्यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मज्जाशल्यचिकित्सेचा भारतातला पहिला विभाग सुरू केला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून शंखखंडाच्या शस्त्रक्रिया नियमित होऊ लागल्या.

हेन्रीने काय दिले

मिल्नर यांची विद्यार्थिनी सुझन कॉर्किन यांनी १९६२ पासून हेन्रीच्या मृत्यूपर्यंत त्याच्यावर संशोधन केले. प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्याने भेटत होत्या असेच म्हणायला हवे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय प्रतिमांवरून कळले, की स्कोव्हिल यांना वाटले होते तसा ८ नव्हे, तर सुमारे ५ सेंटिमीटर लांबीचा भाग काढला गेला होता. २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप केले गेले. आठवण कशी तयार होते याविषयी आज जे काही ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या एका माणसापर्यंत जाऊन पोहोचतो. पण त्याला स्वतःला त्यातले काही उमगणे शक्य नव्हते. झटक्यांच्या बदल्यात त्याने पुढची पंचावन्न वर्षे गमावली आणि हा सौदा कशाचा आहे, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना कुणीच सांगू शकले नसते, कारण ते कुणालाच ठाऊक नव्हते. मिल्नरबाईंच्या चाचण्यांचे मोल इथे कळते. आज रुग्णाला निदान एवढे विचारता येते, की या उपायात काय मिळेल, काय जाईल, आणि हे तुला मान्य आहे का?

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. तुमच्या वर्गात फिट येणारे मूल असेल, तर झटक्याच्या वेळी त्याला कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर दवाखान्यात न्यावे. एवढे बहुतेकांना सांगितले जाते. पण झटक्यांमुळे किंवा औषधांमुळे अशा मुलाचे लक्ष आणि स्मरण मंदावू शकते, हे फारसे सांगितले जात नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्षात राहत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी नेमके काय लक्षात राहत नाही ते पाहावे. ऐकलेला धडा, पाहिलेला नकाशा, कालची गोष्ट, की हाताने केलेली कृती? मिल्नरबाईंनी रुग्णालयात विचारला तो प्रश्न साधारण हाच होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वर्गात यंत्र लागत नाही. एक गोष्ट सांगा, चार चित्रे दाखवा, थोड्या वेळाने दोन्ही विचारा आणि वहीत टिपून ठेवा.